दोष छायाचित्राचा, शिक्षा देहाला

मॉडेलिंगचे काम मागायला जाणाऱ्या मुलीच्या हातात पोर्टफोलिओ असावा लागतो. दहा-बारा निवडक छायाचित्रांचा हा संच म्हणजे तिचा अर्ज, तिचे प्रमाणपत्र आणि तिच्या कामाचा नमुना, सगळे एकातच. तो तयार करायला ती स्वतःचे, नाहीतर आईबापांचे पैसे घालते. मग तो कुणा जाणत्याला दाखवून विचारते, "कसा झालाय? काय सुधारू?" या साध्या, रास्त प्रश्नाला आपल्याकडे जे उत्तर मिळते, त्याविरुद्ध हा लेख आहे.

उत्तर साधारण असे असते. "रंग जरा मार खातो." "नाक फताडे येतेय." "दंड भरलेले दिसतात." "उंची कमी पडते." "पाच किलो उतरव, मग ये." "दातांचे काहीतरी करून घे." सगळे ऐकून घ्या आणि मोजा, यात छायाचित्राविषयी किती शब्द आहेत? एकही नाही. मुलीने विचारले होते कामाबद्दल, आणि उत्तर मिळाले देहाबद्दल.

ही भाषा आपल्याला नवी नाही. पाहण्याच्या कार्यक्रमात चहा-पोह्यांच्या ताटलीआडून हीच भाषा पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेली. जरा चालून दाखव, केस मोकळे सोड, उजेडात ये. मुलगी घरी गेल्यावर निरोप यायचा, "मुलगी चांगली आहे, पण रंगात बसत नाही." मॉडेल होऊ पाहणाऱ्या मुलीला वाटते की आपण ते घर, तो पाट, ती नजर मागे टाकून एका नव्या जगात आलो. प्रत्यक्षात तेच परीक्षक तिथे खुर्च्या मांडून बसलेले असतात. फरक इतकाच की पूर्वी पोह्यांचा खर्च व्हायचा, आता पोर्टफोलिओचा होतो.

कॅमेऱ्याचे गुन्हे मुलीच्या नावावर

आमचे म्हणणे एवढेच नाही की असे बोलणे दुखावणारे आहे. ते दुखावणारे आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते बहुतेक वेळा खोटे असते. ज्याला देहाचा दोष म्हटले जाते तो अनेकदा छायाचित्र काढणाऱ्याच्या हातचा दोष असतो. हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण जिला हे कळते तिला कुणी सहज गप्प बसवू शकत नाही.

रंगापासून सुरुवात करू. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सगळे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून हिशेब करतो. सावळ्या मुलीला पांढऱ्याशुभ्र पडद्यासमोर उभे केले आणि कॅमेरा स्वतःच्या मर्जीवर सोडला, तर पडद्याचा पांढरेपणा पाहून तो उजेड कमी करतो. पडदा करडा होतो आणि चेहरा काळवंडतो. नाकडोळे अंधारात जातात. पाहणारा म्हणतो, "मुलगी काळी आहे." अहो, मुलगी सावळीच आहे, पण चेहरा दिसत नाही तो तुमच्या मोजणीमुळे. प्रकाश चेहऱ्यावर मोजला असता, मुलीला पडद्यापासून चार पावले पुढे घेतले असते, एका बाजूने मोठा मऊ उजेड आणि दुसऱ्या बाजूने थर्माकोलची एक शीट धरली असती, तर तीच त्वचा अशी उजळून निघाली असती की तिची प्रत्येक छटा दिसावी. हे शिकायला परदेशी जावे लागत नाही. मुलीचा रंग पाहून प्रकाश बदलायचा असतो, हे मनात यावे लागते.

ते मनात का येत नाही, यालाही इतिहास आहे. कोडॅक कंपनी फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवून घेण्यासाठी जे नमुनाकार्ड पाठवत असे, त्यावर एका गोऱ्या बाईचे छायाचित्र असे. पहिल्या बाईच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणू लागले. तिची त्वचा ठीक आली की रंग ठीक, असा नियम. लोर्ना रॉथ या कॅनेडियन अभ्यासिकेने हा सारा इतिहास खणून काढला आहे. गडद रंग फिल्मवर नीट येत नाहीत ही तक्रार कंपनीने मनावर घेतली, तीही काळ्या माणसांच्या सांगण्यावरून नव्हे. चॉकलेट बनवणाऱ्यांनी आणि लाकडी सामानाच्या कारखानदारांनी गाऱ्हाणे केले तेव्हा ती ऐकली गेली! निरनिराळ्या वर्णांच्या बायका असलेले कार्ड यायला 1990 चे दशक उजाडले. म्हणजे ज्या मापाने आपल्या मुलींना मोजले, ते मापच एका विशिष्ट कातडीसाठी बनवलेले होते.

आता नाक. अगदी जवळून, रुंद कोनाच्या लेन्सने चेहरा टिपला की कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळ असलेली वस्तू मोठी दिसते, आणि चेहऱ्यात ती वस्तू नाक असते. 2018 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हे मोजून दाखवले. एक फुटावरून काढलेल्या छायाचित्रात नाक पाच फुटांवरून काढलेल्यापेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी रुंद दिसते. नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी येणारे लोक स्वतःचे मोबाइलवरचे फोटो दाखवतात, म्हणून डॉक्टरांना हा हिशेब करावा लागला. उपाय फुकट आहे: छायाचित्रकाराने मागे सरकावे आणि लांब पल्ल्याची लेन्स लावावी.

उंचीचेही तेच. पूर्ण उभे छायाचित्र घेताना कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवरून खाली रोखला, की डोके मोठे आणि पाय आखूड होतात. कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणला की प्रमाण जागेवर येते. दंडाचेही तेच. हात अंगाला घट्ट चिकटवून उभे केले तर कुणाचाही दंड पसरतो, तो दोन बोटे दूर ठेवला की पसरत नाही. गुडघ्यावर किंवा मनगटावर चौकट कापली की पाय-हात तोडल्यासारखे दिसतात. डोळ्यांत प्रकाशाचा ठिपका नसेल तर डोळे मेल्यासारखे दिसतात. यातली एकही गोष्ट मुलीच्या अंगात नाही. सगळ्या छायाचित्रकाराच्या पायांत, हातांत आणि डोक्यात आहेत.

चित्रकला महाविद्यालयाचे उदाहरण घ्या. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात जिवंत मॉडेल समोर बसवून अभ्यास करण्याची परंपरा जुनी आहे. तिथे एखाद्या विद्यार्थ्याचे चित्र बिघडले, तर शिक्षक येऊन त्याची रेघ सुधारतात. मॉडेलपाशी जाऊन "बाई, तुमचा खांदा चुकलाय" असे कुणी म्हणत नाही. म्हटले तर हसू होईल. मग कॅमेरा हातात आला की ही साधी अक्कल कुठे जाते?

दोषाचा बाजार

अक्कल जात नाही, ती पैशात रूपांतरित होते. छायाचित्र वाईट आहे असे म्हटले तर ते पुन्हा काढून द्यावे लागेल. देह वाईट आहे म्हटले की मुलीला काहीतरी विकता येते: उजळ करणारे मलम, दातांवर टोप्या, वजन उतरवण्याचा कोर्स, नाकाची शस्त्रक्रिया, आणि हे सगळे झाल्यावर, अर्थातच, नवा पोर्टफोलिओ.

'फेअर अँड लव्हली' बाजारात आले 1975 साली. संयुक्त राष्ट्रांचे महिला वर्ष तेच! 45 वर्षे त्या नावाने आपल्याला सांगितले की गोरे म्हणजे सुंदर, आणि गोरी झाल्याशिवाय नोकरी नाही, नवरा नाही. 2009 मध्ये चेन्नईहून 'डार्क इज ब्युटिफुल' ही मोहीम सुरू झाली. 2014 मध्ये जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने ठरवले की सावळ्या रंगाच्या माणसाला दुःखी, अपयशी, अनाकर्षक असे दाखवू नये. 2020 मध्ये कंपनीने नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केले. नाव बदलले, पण स्टुडिओतल्या संगणकावर त्वचा दोन छटा उजळ करण्याची बोटांची सवय बदलली का? मुलीला न विचारता तिचा रंग पुसायचा, मुरुमांबरोबर तीळही पुसायचा आणि कंबर आत ढकलायची, याला 'फिनिशिंग' म्हणतात. अशा छायाचित्राने तिचे नुकसानच होते. काम देणाऱ्यापुढे ती प्रत्यक्ष उभी राहते तेव्हा तो छायाचित्राकडे पाहतो, तिच्याकडे पाहतो, आणि फसवल्याची भावना तिच्या नावावर जमा होते. फ्रान्समध्ये 2017 पासून जाहिरातीत मॉडेलचा देह बारीक किंवा जाड करून दाखवला असेल तर तसे छापावे लागते. आपल्याकडे निदान जिचा देह आहे तिला तरी सांगा.

शहराशहरांतून 'तुमच्यात मॉडेल आहे' अशी पाटी लावून बसलेल्या एजन्सींकडेही याच नजरेने पाहायला हवे. एजन्सीचे रास्त उत्पन्न म्हणजे मुलीला मिळवून दिलेल्या कामातली दलाली. जी एजन्सी काम मिळण्याआधीच नोंदणीचे पैसे घेते, आमच्याच छायाचित्रकाराकडून पोर्टफोलिओ काढा म्हणते, आणि तो झाल्यावर त्यात खोट काढून दुसरा काढायला लावते, तिचे गिऱ्हाईक जाहिरातदार नाही. तिचे गिऱ्हाईक ती मुलगीच आहे. अशा ठिकाणी मिळणारा अभिप्राय हा अभिप्राय नसतो, तो पुढच्या विक्रीचा पहिला हप्ता असतो. न्यूयॉर्क राज्यात मॉडेलांनी संघटित होऊन वर्षानुवर्षे लढा दिला, आणि 2025 च्या जूनमध्ये तिथे फॅशन कामगारांचा कायदा लागू झाला. मॉडेलांकडून अनामत घ्यायला आता तिथे बंदी आहे, आणि तिची संगणकी प्रतिकृती वापरायची तर तिची वेगळी लेखी संमती लागते. कायद्याच्या नावातच 'कामगार' हा शब्द आहे, तो लक्षात ठेवू या.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप धंद्यातला: "बाजाराला जे हवे तेच आम्ही सांगतो." ठीक आहे. एखाद्या कामाला अमुक उंची, अमुक वय लागते, हे आम्हाला मान्य आहे. ती कामाची अट झाली, ती जाहिरातीत आधी छापा म्हणजे मुलगी एसटीचे तिकीट काढून येणार नाही. पण अट आणि शेरा यांत फरक आहे. "या कामासाठी पाच फूट आठ इंच हवेत" ही माहिती झाली. "तू बुटकी आहेस" हा निवाडा झाला. माहिती घेऊन मुलगी दुसरे काम शोधू शकते. निवाडा घेऊन ती फक्त आरशासमोर उभी राहू शकते.

दुसरा आक्षेप: "मग काय गोडगोड बोलायचे? या धंद्यात कातडी जाड लागते." गोड बोलायला कुणी सांगितले? "छान आहे, मस्त आहे" हे गुळमुळीत कौतुक तितकेच निरुपयोगी आहे. ते ऐकून मुलगी तोच बिघडलेला संच घेऊन वर्षभर दारोदार हिंडते. आम्हाला हवा आहे तो कडक अभिप्राय, फक्त योग्य जागी. "तिसरे आणि सातवे छायाचित्र एकाच भावाचे आहे, एक काढ." "सगळीकडे ओठ मिटलेले, एकही हसरे नाही." "बाजूने घेतलेला चेहरा नाही, पूर्ण उभे छायाचित्र नाही." "हातांचे काय करायचे ते तुला कळलेले नाही, सराव कर." "हे शेवटचे छायाचित्र सगळ्यांत कच्चे आहे, आणि संचाची किंमत त्याच्यावरून ठरते." हे कठोर आहे, आणि यातले प्रत्येक वाक्य मुलीला दुसऱ्या दिवशी कामाला लावते. उपयोगी अभिप्रायाची आमची कसोटी सोपी आहे: तो ऐकल्यावर काय करायचे ते कळते का? कळत नसेल, तर तो अभिप्राय नव्हता, बोलणाऱ्याने स्वतःची हौस भागवून घेतली.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातला, म्हणून अधिक अवघड. काही मैत्रिणी म्हणतील, स्त्रीदेहाला विक्रीची वस्तू करणाऱ्या या धंद्याविरुद्ध आपण उभ्या राहिलो, आणि आता त्यातली छायाचित्रे कशी सुधारावीत याच्या सूचना आपण देणार का? प्रश्न रास्त आहे. 1996 साली बंगळूरला विश्वसुंदरी स्पर्धा भरली तेव्हा स्त्री संघटनांनी विरोध केला. पण त्याच वेळी संस्कृतिरक्षकही रस्त्यावर होते, आणि वर्तमानपत्रांनी दोघांना एकाच पिशवीत घातले. त्याच्या आदल्या वर्षी मधू सप्रे आणि मिलिंद सोमण यांच्या बुटांच्या जाहिरातीवरून अश्लीलतेचा खटला उभा राहिला. तो तब्बल 14 वर्षे चालला आणि 2009 मध्ये निर्दोष सुटकेने संपला. त्या खटल्यात मॉडेलच्या कामाच्या अटी काय होत्या, तिला मोबदला काय मिळाला, हे विचारायला कुणी उभे राहिले नव्हते. 2005 मध्ये डान्सबारबंदी आली, तेव्हाही चळवळीत दोन तट पडले. बंदीने शोषण थांबेल म्हणणाऱ्या एकीकडे, पोट कशावर भरायचे विचारणाऱ्या दुसरीकडे. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी रद्द ठरवली तोवर हजारो बायकांच्या चुली विझून गेल्या होत्या.

यातून जे शिकायचे ते हेच. संस्कृतिरक्षकाला देह झाकायचा आहे, बाजाराला तो उघडा करायचा आहे, आणि त्या देहात राहणारीला काय म्हणायचे आहे हे दोघांनाही ऐकायचे नाही. आपले काम ते ऐकण्याचे आहे. विडी वळणारीच्या बाजूने उभे राहताना आपण तंबाखूचे समर्थन करत नाही. मॉडेलच्या बाजूने उभे राहण्यासाठी सौंदर्याच्या बाजाराची आरती करावी लागत नाही. उलट, जी मुलगी "हा दोष लेन्सचा आहे, माझ्या नाकाचा नाही" असे ठामपणे म्हणू शकते, तीच उद्या त्या बाजाराला आतून प्रश्न विचारील.

कायद्याने तुमचे काय आहे

अभिप्राय मागायला जाण्याआधी काही गोष्टी माहीत असाव्यात. पैसे मोजून, स्वतःच्या सांगण्यावरून छायाचित्रे काढून घेतली असतील, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, उलट करार नसेल तेव्हा, त्यांची पहिली मालकी पैसे देणाऱ्याची असते, कॅमेरा चालवणाऱ्याची नव्हे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. म्हणून स्टुडिओने पुढे केलेला छापील कागद वाचल्याशिवाय सही करू नका. 'सर्व हक्क स्टुडिओकडे' ही ओळ बहुधा बारीक टाइपातच असते. आता तर यंत्राला शिकवण्यासाठी छायाचित्रे वापरली जातात, तेव्हा त्याला मनाई करणारी एक ओळ हाताने लिहून घ्या. मुलगी 18 वर्षांखालची असेल तर तिच्या सहीचा करार कायद्याने चालतच नाही.

स्टुडिओ हे कामाचे ठिकाण आहे. 1997 च्या विशाखा निकालानंतर 2013 मध्ये जो कायदा झाला, त्यात लैंगिक छळाच्या व्याख्येतच लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी आहे. मुलगी तिथे नोकरीला असलीच पाहिजे असेही नाही. दहापेक्षा कमी माणसांचा स्टुडिओ असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. मुदत साधारण तीन महिन्यांची आहे, सबळ कारण असेल तर वाढवून मिळते. कपडे बदलताना चोरून चित्रण करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. अशा खाजगी अवस्थेतले छायाचित्र संमतीने काढले असले तरी संमतीशिवाय ते इतरांना पाठवणे हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे. "मग फोटो काढून घेतलाच कशाला?" हे उत्तर पोलीस ठाण्यात मिळाले तर ऐकून परत येऊ नका.

आणि अभिप्राय मागताना:

ज्याने छायाचित्रे काढली किंवा ज्याला नवी काढायची आहेत, त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाकडे जा. प्रत्यक्ष काम देणारी व्यक्ती, दुसरी छायाचित्रकार, या क्षेत्रातली जुनी मॉडेल, अशा दोघी-तिघींना विचारा. तिघींनी एकच गोष्ट सांगितली तर ती मनावर घ्या.

'कसा वाटला' असे मोघम विचारू नका. कुठले छायाचित्र काढून टाकू? पहिले कुठले ठेवू? काय कमी आहे? प्रकाश, चौकट, उभे राहणे, यांत चूक कुठे आहे? प्रश्न नेमका असला की उत्तर देहाकडे घसरायला जागा उरत नाही.

मेकअपशिवायची, साध्या कपड्यांतली, दिवसाच्या उजेडात काढलेली चार छायाचित्रे जवळ असू द्या. ती मैत्रीण मोबाइलवर काढून देऊ शकते, त्याला पैसे पडत नाहीत.

संध्याकाळी, हॉटेलच्या खोलीत, एकटीने ये असे सांगणाऱ्याला अभिप्राय द्यायचा नसतो. छायाचित्रे बघायला कमी कपड्यांतली नवी छायाचित्रे लागत नाहीत.

आमची मागणी छायाचित्रकारांकडे आणि एजन्सींकडेही आहे. दर, छायाचित्रांची संख्या, हक्क कुणाचे आणि रिटचिंग किती, हे लेखी द्या. कामाच्या शारीरिक अटी आधी जाहीर करा. स्टुडिओत मुलीबरोबर येणाऱ्या मैत्रिणीला, आईला खुर्ची द्या. चेहरा अंधारात गेला असेल तर तो पुन्हा, स्वतःच्या खर्चाने काढून द्या. शिंप्याने ब्लाउज बिघडवला तर तो उसवून परत शिवून देतो. "बाई, तुमचे खांदेच चुकीचे" असे तो म्हणाला, तर त्याच्याकडे पुन्हा कोण जाईल?

मुलींनो, पोर्टफोलिओ तुमचा आहे, तुम्ही पैसे मोजलेत. तो तपासायला जरूर द्या, कडक तपासून घ्या. मात्र तपासणाऱ्याची नजर कागदावरून उठून तुमच्या अंगावर आली, की संच उचलायचा आणि बाहेर पडायचे. आणि बाहेर पडल्यावर गप्प बसायचे नाही, पाठोपाठ येणाऱ्या दुसरीला त्या दाराचा पत्ता सांगून ठेवायचा.